बोगाँग पतंगांची शिरगणती

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

पतंग म्हटलं की आपल्याला दोनच आठवतात. एक संक्रांतीला उडवायचा आणि दुसरा शायरांचा, ज्योतीवर झेप घेणारा. तिसरा पतंग खाण्याचा असतो, असं सांगितलं तर तुम्ही हसाल. पण आग्नेय ऑस्ट्रेलियातल्या डोंगरांत तिथले मूळ रहिवासी तो पिढ्यान्‌पिढ्या आवडीनं खात आले. त्याचं नाव बोगाँग.

दिसायला अगदी साधा, तपकिरी, पंख पसरले तर जेमतेम दोन इंच. त्याच्या अळ्या दक्षिण क्वीन्सलँड आणि न्यू साउथ वेल्सच्या मैदानांत हिवाळ्यात वाढतात आणि रात्री कोवळी रोपं बुडापासून कुरतडतात. आपल्या हरभरा पिकवणाऱ्या शेतकऱ्याला या अळीची भावकी चांगलीच ठाऊक आहे. तिकडे वसंत सप्टेंबरात लागतो. तो लागला की पतंग रात्री उडत निघतात आणि कधी कधी हजार किलोमीटर कापून उंच डोंगरांतल्या थंडगार कपारींत शिरतात. सगळा उन्हाळा तिथं निपचित काढायचा, मग परत मैदानात येऊन अंडी घालायची आणि मरायचं. म्हणजे पुढच्या पिढीला वाट दाखवायला कुणी उरत नाही! स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठाचे एरिक वॉरंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये दाखवलं, की या किड्याला पृथ्वीचं चुंबकत्व जाणवतं; आणि २०२५ मध्ये, की तो ताऱ्यांनी भरलेलं आकाश पाहूनही दिशा धरतो.

उन्हाळ्यात या डोंगरांवर जत्राच भरायची. दूरदूरच्या टोळ्या जमत, सोयरिकी ठरत, भांडणं मिटत. कपारींतले पतंग खरवडून काढायचे, गरम राखेत भाजायचे, पंख-पाय झटकायचे आणि तसेच खायचे किंवा कुटून त्यांचे गोळे करायचे. पतंगाच्या पोटात चरबी ठासून भरलेली असते. जॉर्ज बेनेट या डॉक्टरानं १८३४ मध्ये छापलेल्या प्रवासवर्णनात याची हकिगत लिहिली आहे. पुढं व्हिक्टोरिया राज्यातल्या क्लॉग्ज गुहेत एक दळायचा दगड सापडला. त्यावर पतंगांचे अवशेष चिकटलेले होते आणि दगड होता सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा! ते संशोधन २०२० मध्ये प्रसिद्ध झालं.

हे झालं पोटानं ओळखलेलं पाखरू. पुस्तकांतली ओळख फार उशिरा आली. न्यूकॅसलजवळच्या अ‍ॅश बेटावर हॅरिएट आणि हेलेना स्कॉट या बहिणींनी अळी, कोष, पतंग आणि त्यांची खाण्याची झाडं अशी चित्रं वर्षानुवर्षं रंगवली. १८६४ मध्ये पुस्तक निघालं, त्यावर लेखक म्हणून नाव वडिलांचं. पुढं वडिलांचं दिवाळं वाजलं आणि या बहिणींनी ब्रशावर पोट भरलं, अगदी नाताळची भेटकार्डंसुद्धा रंगवली. मला त्या नावांच्या यादीत सगळ्यात वरच्या वाटतात. त्यांच्यानंतर एडवर्ड मेरिक हा इंग्रज शाळामास्तर आला. १८७७ पासून दहाएक वर्षं तो तिकडे होता. नखाएवढ्या पतंगांचा त्याला नाद. मायदेशी परतून शाळेत मुलांना शिकवता शिकवता त्यानं जगभरच्या हजारो जातींना नावं दिली. त्यात भारतातून पाठवलेले नमुनेही होते.

तरी काम कुठवर आलं? ऑस्ट्रेलियात फुलपाखरं चारशेच्या वर आहेत. पतंग आणि फुलपाखरं मिळून जातींचा अंदाज मात्र बावीस हजारांच्या आसपास. त्यातल्या जेमतेम निम्म्यांना नाव मिळालं आहे. हजारो जातींच्या अळ्या निलगिरीची गळालेली, वाळकी पानं खाऊन जगतात. ज्या पाचोळ्याला दुसरं कुणी तोंड लावत नाही, तो त्या संपवतात. २०१५ मध्ये तर कांगारू बेटावर असा पतंग जाहीर झाला, की त्याच्यासाठी नवं कुळच काढावं लागलं. तो प्रौढ झाला की एकच दिवस जगतो.

या सगळ्या पसाऱ्याचं मोठं पुस्तक इयन कॉमन यांनी १९९० मध्ये लिहिलं. त्याआधी १९५१ च्या सुमारास, तरुणपणी, ते कॅनबेराजवळच्या डोंगरावर जाऊन बोगाँग मोजत बसले होते. कपारीच्या भिंतीवर कौलांसारखे एकावर एक रचून बसलेले पतंग, एका चौरस मीटरला सतरा हजार! त्या काळी ही मोजदाद कुणाला बिनकामाची वाटली असती तर नवल नाही.

तोवर बोगाँग शहराचा उपद्रव झाला होता. १९८८ मध्ये कॅनबेरात उघडलेल्या नव्या संसद भवनाच्या दिव्यांवर त्यांचे थवे तुटून पडत. २००० च्या सिडनी ऑलिंपिकच्या समारोपात एक पतंग गाणाऱ्या गायिकेच्या कपड्यांवर येऊन बसला. मग मैदानांत दुष्काळ पडला आणि २०१७ व २०१८ च्या उन्हाळ्यांत कपाऱ्या रिकाम्या दिसल्या. पूर्वी जिथं भिंत झाकली जायची, तिथं बोटांवर मोजण्याइतके. काही ठिकाणी घट नव्व्याण्णव टक्क्यांच्याही वर. हे सांगता आलं, कारण कॉमन यांच्यापासून पुढं कुणी ना कुणी मोजत होतं. नाव नसलेल्या पतंगांचं त्या दुष्काळात काय झालं, हे विचारायचं कुणाला?

फटका पहिल्यांदा बसला तो मूठभर आकाराच्या डोंगरी पॉसमला. हा पिशवीवाला प्राणी आधी दगडातल्या हाडांवरून ठाऊक होता. जिवंत सापडला तो १९६६ मध्ये, बर्फावर घसरायला जाणाऱ्यांच्या एका झोपडीत. थंडीची झोप संपली की माद्यांना पोट भरायला बोगाँग लागतो. त्या वर्षांत आयांच्या पिशवीतली पिल्लं मेलेली आढळली. २०२१ मध्ये बोगाँगचं नाव जगाच्या संकटग्रस्त यादीत गेलं.

नंतर पाऊस झाला, काही कपाऱ्यांत पतंग परतले, पण पूर्वीइतके नाहीत. व्हिक्टोरियातल्या प्राणिसंग्रहालयांनी २०१९ मध्ये लोकांना एक काम दिलं. घराच्या भिंतीवर बोगाँग दिसला तर फोटो काढून पाठवायचा, आणि वसंतात रात्री बाहेरचा दिवा मालवायचा.