चिखलदऱ्यात ट्राउट काहून नाही आला?

आजचा विषय ऐकून वाटेल, हा पोट्टा चिखलदऱ्यात बसून कुठल्या गप्पा मारून राहिला! विषय आहे ट्राउट. थंड पाण्यातला, अंगावर ठिपके असलेला मासा. अमेरिका-कॅनडात हिवाळ्यात तळी गोठली की लोक बर्फाला भोक पाडतात, आत गळ सोडतात आणि स्टुलावर बसून ट्राउटची वाट पाहतात.

इंग्रजांना या माशाचं भारी वेड. १८२३ मध्ये कॅप्टन रॉबिन्सनने चिखलदरा 'शोधला' म्हणतात. कोरकू आणि गवळी लोक आधीपासून तिथेच होते, गाविलगड तर शेकडो वर्षं जुना, पण ते असो. मग बंगले आले, कॉफी आली. ट्राउट काहून नाही आला?

आधी हा मासा इतरत्र कसा गेला ते बघू. जिवंत मासा जहाजातून नेणं अवघड, म्हणून अंडी न्यायची. पण उष्ण समुद्रातून जाताना अंडी वाटेतच फुटायची किंवा मरायची. यावर उपाय निघाला बर्फाचा. अंडी ओल्या शेवाळात ठेवायची आणि बर्फात पॅक करायची. थंडीमुळे आतल्या पिल्लाची वाढ मंदावते. १८६४ मध्ये 'नॉरफोक' जहाजातून इंग्लंडची अंडी अशीच तीन महिन्यांच्या आसपास प्रवास करून टास्मानियात जिवंत पोहोचली.

भारतात फ्रान्सिस डे यांनी १८६३ मध्येच नीलगिरीसाठी प्रयत्न केला होता, तो फसला. काश्मीरकडे निघालेली १८९९ ची खेप वाटेत मेली. १९०० मध्ये स्कॉटलंडहून आलेली अंडी मात्र टिकली. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नीलगिरीतही ट्राउट रुजला.

आता आमच्या भाषेत सांगतो. कोड कॉपी करणं सोपं असतं, तो चालायला लागणारं सगळं वातावरण कॉपी करणं अवघड. ट्राउटला काय लागतं? थंड पाणी. शून्य अंशाला एक लिटर पाण्यात साधारण १४ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशाला त्याच्या जेमतेम निम्मा. आणि ट्राउटला ऑक्सिजन भरपूर हवा.

दुसरी गोष्ट, खाणं. बर्फाखाली काय मिळत असेल? बरंच काही! पाणी ४ अंशाला सगळ्यात जड असतं, म्हणून तेवढं पाणी तळाशी बसतं आणि बर्फ वर तरंगतो. वरून झाकण लागतं, खाली जीवन चालू राहतं. तळाच्या गाळात चिलटांसारख्या कीटकांच्या अळ्या असतात, बारीक झिंगे असतात, गोगलगायी, छोटे मासे असतात. थंडीत ट्राउटची भूक मंदावते, पण थांबत नाही. म्हणून तर त्या भोकातून गळाला मासा लागतो. पण बर्फावर हिमाचा जाड थर साचला की प्रकाश अडतो, पाणवनस्पती ऑक्सिजन देणं थांबवतात आणि उथळ तळ्यात मासे गुदमरून मरतात.

आता चिखलदरा. उंची सुमारे १११८ मीटर. उटीची त्याच्या दुप्पट, २२४० च्या आसपास. आपल्याकडे डिसेंबरात दात वाजतात, पण मे महिन्यात ऊन चटका देतंच. पाणी २० अंशांच्या वर गेलं की ट्राउटचे हाल सुरू होतात. बर्फात पॅक करून अंडी आणता आली असती, पण उन्हाळाभर झरा थंड कोण ठेवणार?

म्हणून मेळघाटच्या सिपना, गडगा, खापरा या नद्यांत त्यांचेच मासे राहिले. त्यांची परीक्षा हिवाळ्यात नाही, उन्हाळ्यात होते. धार तुटते, नदीचे सुटे सुटे डोह उरतात. त्या डोहात मासे, झिंगे, अळ्या, सगळे एकत्र पावसाची वाट बघतात. ट्राउटला जसं बर्फाखालचं पाणी, तसा यांना डोह.

फरक एवढाच की बर्फाच्या एका भोकातून मासा एकेक निघतो. डोहात कुणी विष टाकलं किंवा करंट सोडला तर पुढच्या पावसाळ्यात नदीभर पसरणारी पिढीच एका दुपारी संपते. आणि ती परत आणायला बर्फाची पेटी घेऊन कोणतंही जहाज येणार नाही.

तर मे महिन्यात चिखलदऱ्याला गेलात आणि वाटेत आटलेली नदी दिसली, तर 'काहीच नाही इथे' म्हणू नका. डोह शोधा, काठावर गुपचूप बसा आणि बघा. गळ नको, नुसते डोळे पुरेत. भेटू पुढच्या भागात!