एका रकान्याचा इतिहास

अमेरिकन कंपन्यांसाठी पगाराचं सॉफ्टवेअर लिहिणं हे माझं काम. त्यात बेरोजगारी विम्याच्या कराचा एक रकाना असतो. गंमत म्हणजे राज्य एक, कायदा एक, तरी शेजारशेजारच्या दोन कंपन्यांचे दर वेगळे. असं का, हे शोधत मी १९३२च्या विस्कॉन्सिनला पोचलो.

त्या वर्षी, ऐन महामंदीत, या राज्याने अमेरिकेतला पहिला बेरोजगारी विमा कायदा केला. त्यामागचा विचार अर्थतज्ज्ञ जॉन कॉमन्स यांचा. अपघाताची भरपाई मालकाच्या माथी मारली की तो कारखाना सुरक्षित करतो. तसाच बेकारीचा खर्च त्याच्यावर पडला, तर माणसं काढताना तो दहादा विचार करेल. १९३५च्या सोशल सिक्युरिटी कायद्याने ही वाट इतर राज्यांनाही खुली केली.

म्हणून कॅलिफोर्नियात प्रत्येक मालकाचं वेगळं खातं असतं. त्याने भरलेला कर जमा, त्याच्या माजी कामगारांना मिळालेला भत्ता नावे. शिलकीचं पगाराशी असलेलं गुणोत्तर काढून पुढचा दर ठरतो.

आता चूक कशी होते बघा. दुसऱ्याच कंपनीच्या कामगाराचा भत्ता या खात्यावर पडतो. किंवा धंदा विकला जातो, पण जुन्या खात्याचा इतिहास नव्या मालकाच्या नावावर चढत नाही. समजा, त्यामुळे दर दोन टक्क्यांनी वाढला. तिथे प्रत्येक कामगाराच्या वर्षातल्या पहिल्या ७,००० डॉलरवरच हा कर लागतो. तरी ५० कामगारांमागे वर्षाला ७,००० डॉलर जादा! दराची नोटीस निघाल्यापासून ६० दिवसांत हरकत घेतली तर दुरुस्ती होऊ शकते.

खरी मेख पुढे आहे. चुकीची नोंद खोडली की दर उतरतो. कामगाराचा हक्काचा दावा हाणून पाडला तरी दर वाढत नाही. कॉमन्सना वाटलं होतं, मालक नोकऱ्या टिकवतील. पण त्यांना दावे लढवणंही परवडतं. काहींनी तर कागदोपत्री नवी कंपनी काढून खराब इतिहासच मागे टाकला. ते रोखायला २००४मध्ये केंद्रीय कायदा करावा लागला.

माझ्या प्रोग्रामला यातलं काहीच कळत नाही. त्याला फक्त कमी झालेला आकडा दिसतो. तो माणूस कुणाकडे कामाला होता आणि त्याची नोकरी का गेली, हे तपासल्याशिवाय त्या आकड्याला दुरुस्ती म्हणता येत नाही.