‘ओ’ कुठे गेला? आयरिश आडनावांची गोष्ट

2011 चा वर्ल्ड कप आठवतोय? बंगळुरूमध्ये केविन ओब्रायननं इंग्लंडविरुद्ध 50 चेंडूंत शतक ठोकलं आणि आयर्लंडनं मॅच खेचून आणली. पण आज विषय क्रिकेटचा नाही. मला बोलायचंय ते त्याच्या आडनावातल्या ‘ओ’बद्दल.

आयरिश भाषेत ‘ओ’ म्हणजे नातू, म्हणजेच वंशज. ‘मॅक’ म्हणजे मुलगा. ब्रायन बोरू नावाचा एक मोठा राजा 1014 मध्ये क्लॉन्टार्फच्या लढाईत मारला गेला. त्याचे वंशज ते ओब्रायन. आयर्लंडमध्ये अशी आडनावं फार जुनी आहेत. ‘ओ क्लेरी’ या आडनावाची नोंद तर 916 सालची आहे!

इंग्लंडमध्ये वेगळाच प्रकार. तिथे बरीच आडनावं धंद्यावरून किंवा गावावरून आली. स्मिथ म्हणजे लोहार. बटलर म्हणजे दारूच्या कोठाराची व्यवस्था बघणारा. स्टोक्स हे ‘स्टोक’ नावाच्या वस्तीवरून. थोडक्यात, इंग्लिश आडनाव बऱ्याचदा ‘तू काय करतोस, कुठला आहेस’ ते सांगायचं आणि आयरिश आडनाव सांगायचं ‘तू कोणाचा’.

आणि नेमकं हेच राज्यकर्त्यांना खटकलं. 1465 मध्ये एक कायदा झाला. डब्लिन, मीथ, लाउथ आणि किल्डेअर या इंग्रजांच्या ताब्यातल्या चार परगण्यांत राहणाऱ्या आयरिश माणसानं इंग्लिश आडनाव घ्यायचं. कसलं? एखाद्या गावाचं, नाहीतर रंगाचं, म्हणजे व्हाइट, ब्लॅक, ब्राउन. नाहीतर धंद्याचं किंवा हुद्द्याचं, म्हणजे स्मिथ, कारपेंटर, कुक, बटलर. ऐकलं नाही तर मालमत्तेवर जप्ती!

या कायद्याची पोच तेवढ्या भागापुरतीच होती. खरी पडझड झाली 17व्या शतकात. 1607 मध्ये उत्तरेकडचे मोठे आयरिश सरदार देश सोडून गेले, जुनी व्यवस्था कोसळली. आता जमिनीची कागदपत्रं इंग्रजीत आणि लिहिणारा कारकूनही इंग्रजीवाला. त्याला जसं ऐकू आलं तसं त्यानं लिहिलं. आयरिश वाटणारं नाव अंगाशी येऊ शकतं, हे लोकांनाही कळत होतं. मग ओ आणि मॅक गळत गेले. ओसुलिव्हनचे सुलिव्हन झाले, ओकेलीचे केली झाले.

काही आडनावांचं तर चक्क भाषांतर झालं. ‘मॅक गाउन’ म्हणजे लोहाराचा मुलगा. कॅव्हन परगण्यात त्यातले बरेच जण स्मिथ झाले. ‘मॅक कॉनरी’चं प्रकरण अजून भारी. आयरिशमध्ये राजाला ‘री’ म्हणतात. नावाच्या शेवटी ‘री’ ऐकू आलं, म्हणून काहींचं थेट ‘किंग’ करून टाकलं!

यात बायकांची नावंही बदलली, हे सहसा कोणी सांगत नाही. आयरिशमध्ये ओ घराण्यातली मुलगी ‘नी’ लावते आणि लग्न होऊन आलेली सून ‘ई’. इंग्रजी कागदांवर सगळ्यांना एकच आडनाव, हा फरकच पुसला गेला.

मग 1892 मध्ये डग्लस हाइड यांनी एका गाजलेल्या भाषणात लोकांना बजावलं की आपले ओ आणि मॅक परत लावा. पुढच्याच वर्षी गेलिक लीग स्थापन झाली आणि हेच हाइड 1938 मध्ये आयर्लंडचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. पुष्कळ सुलिव्हन पुन्हा ओसुलिव्हन झाले. मर्फी आणि केली मात्र बहुतेक तसेच राहिले. अमेरिकेत आजही ‘ओ’ नसलेले सुलिव्हन भरपूर भेटतात. कारण सरळ आहे: 1845 नंतरच्या भीषण दुष्काळात लाखो लोक देश सोडून गेले, ते ‘ओ’ परत यायच्या कितीतरी आधी. ते गेले ते तुटलेलं आडनाव घेऊनच.

म्हणून मला वाटतं, आडनाव हा फक्त घराण्याचा इतिहास नसतो. कागद कोणाच्या हातात होता, हेही त्यात लिहिलेलं असतं. कॅव्हनमधल्या एखाद्या स्मिथच्या सात पिढ्यांत एकही इंग्रज नसेल, पण त्याच्या नावावर इंग्रजी राजवटीचा शिक्का आहेच.

तुम्हाला असं एखादं नाव माहीत असेल, ज्याचा एखादा तुकडा वाटेत गळाला, तर मला नक्की कळवा. भेटूया पुढच्या भागात. तोपर्यंत ऐकत राहा!