सोडियम-आयन बॅटरी : कळीचा प्रश्न कॅथोडच्या टिकाऊपणाचा

मुंबई : सोडियम समुद्राच्या पाण्यात आहे, मिठात आहे, लिथियमप्रमाणे त्यासाठी मोजक्या देशांवर अवलंबून राहावे लागत नाही. तरीही सोडियम-आयन बॅटरीला लिथियमची जागा अद्याप घेता आलेली नाही. याचे एक प्रमुख कारण बॅटरीच्या धन टोकात, म्हणजेच कॅथोडमध्ये आहे.

या कॅथोडसाठी बहुधा सोडियम आणि मँगनीज, लोह, निकेल यांसारख्या धातूंची थररचित ऑक्साइडे वापरली जातात. थरांच्या मध्ये बसलेले सोडियमचे आयन चार्जिंगच्या वेळी बाहेर पडतात आणि वापराच्या वेळी परततात. सोडियम आयनाची त्रिज्या १.०२ अँगस्ट्रॉम, तर लिथियमची ०.७६ अँगस्ट्रॉम आहे. एवढ्या मोठ्या आयनाच्या ये-जा करण्याने थर सरकतात, स्फटिकाची रचना बदलते, कणांना तडे जातात आणि क्षमता घटत जाते.

दुसरी अडचण बॅटरी तयार होण्याआधीच उभी राहते. हवेतील ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड यांच्या संपर्कात थरांतील सोडियम बाहेर येते व कणांच्या पृष्ठभागावर हायड्रॉक्साइड आणि कार्बोनेटच्या रूपात साचते. या अल्कधर्मी थरामुळे धातूच्या पत्र्यावर लेपण्याचे मिश्रण घट्ट होऊन बसते. परिणामी कोरड्या हवेच्या बंदिस्त खोल्या लागतात. शिवाय पाण्याऐवजी एनएमपी हे महाग व विषारी द्रावक वापरावे लागते. कोकणपट्टीच्या दमट हवेत हा खर्च किरकोळ नव्हे. कच्चा माल स्वस्त आणि कारखाना महाग, असा हा विरोधाभास आहे.

पवई येथील आयआयटी मुंबईतील प्रा. अमर्त्य मुखोपाध्याय यांच्या गटाचे संशोधन नेमके येथे महत्त्वाचे ठरते. ऑक्साइडमधील धातूंची निवड बदलून धातू-ऑक्सिजन बंधाचे स्वरूप आणि थरांमधील अंतर नियंत्रित करण्याचा मार्ग या गटाने अवलंबला. त्यातून हवेत व पाण्यात टिकणारे कॅथोड तयार झाले आणि लेपासाठी पाणी वापरणे शक्य झाले. या कामाला केंद्रीय विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या स्वर्णजयंती फेलोशिपचे पाठबळ मिळाले.

फॉस्फेटवर आधारित नॅसिकॉन कॅथोडची चौकट याहून भक्कम असते. मात्र वजनाच्या मानाने त्यात कमी ऊर्जा मावते.

पुण्यातील केपीआयटी टेक्नॉलॉजीजने आयसर पुणेच्या सहकार्याने विकसित केलेले सोडियम-आयन तंत्रज्ञान डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर केले. ३ हजार ते ६ हजार चार्जिंग आवर्तनांनंतरही ८० टक्के क्षमता शिल्लक राहते, असा कंपनीचा दावा आहे.