खरे सांगण्याची किंमत

रायपूरच्या उत्तरेला, बिलासपूर रस्त्यावर भनपुरी लागते. कारखाने, गोदामे, ट्रकांची वर्दळ आणि मागच्या गल्ल्यांत भाड्याच्या खोल्यांतून राहणारे छत्तीसगडी, बिहारी, ओडिया मजूर. साथीचा आकडा दिल्लीत जाहीर होतो खरा, पण तिथपर्यंत तो पोचायचा तर आधी अशा एखाद्या खोलीत ताप चढलेल्या माणसाने तोंड उघडले पाहिजे. कारभाराचा दर्जा तपासायला मी म्हणूनच इथून सुरुवात करतो.

माझे प्रमेय असे: खरे सांगणाऱ्याला जितका भुर्दंड बसतो, तितका आकडा खोटा होतो, आणि तो भुर्दंड कमी करणे शासनाच्या हाती असते.

मजुराचा भुर्दंड म्हणजे बुडालेली रोजी. कर्मचारी राज्य विमा योजनेत पात्र असलेल्याला आजारपणात वेतनाच्या 70 टक्के रक्कम वर्षाला 91 दिवसांपर्यंत मिळते. ठेकेदाराने हजेरीपटावर नावच चढवले नसेल, तर काहीच नाही. असा माणूस चाचणी कशाच्या जोरावर करून घेणार? तो तापाची गोळी घेऊन पाळीवर जातो. संसर्ग वाढतो, तक्त्यात मात्र शून्य. छत्तीसगडने 2002 पासून वस्तीतल्याच बायकांना मितानिन, म्हणजे आरोग्य कार्यकर्त्या, म्हणून उभे केले. देशभरच्या ‘आशा’ योजनेपुढे हाच नमुना होता. ओळखीच्या बाईपाशी माणूस दुखणे बोलतो. पण तिच्यामागे शिधा, औषध आणि भरपगारी रजा नसेल, तर त्या बोलण्याचा उपयोग काय?

मृत्यूचे गणित आणखी बिकट आहे. 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे मृत्यू जिथे घडला तिथेच नोंदला जातो. भनपुरीत लागण झालेला मजूर बिहारमधल्या आपल्या गावी जाऊन वारला, तर नोंद त्या गावची. भनपुरीच्या कोणत्या पाळीत त्याला लागण झाली, हे कागदावर कुठेच उरत नाही. शिवाय देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी वैद्यकीय कारण प्रमाणित झालेले मृत्यू पाव हिश्श्याहून कमी.

परिणाम तुलनेतून दिसतो. 2021 च्या जून-जुलैत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने निवडक जिल्ह्यांत कोविडसाठी रक्ततपासणी केली. प्रतिपिंडे छत्तीसगडमध्ये 74.6 टक्के लोकांत आढळली, केरळमध्ये 44.4 टक्के. लशीमुळे आलेली प्रतिपिंडेही यात आहेत आणि नमुना मोजका आहे, हे मान्य. पण लोकसंख्येत फार अंतर नसलेल्या या राज्यांत तोवर नोंदलेले रुग्ण होते छत्तीसगडमध्ये सुमारे 10 लाख आणि केरळात 30 लाखांहून अधिक. म्हणजे रोज बातम्यांत बदनाम होणारे केरळ आपली साथ अधिक नेटाने मोजत होते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये रायपूरच्या आंबेडकर रुग्णालयाच्या शवागारात प्रेते ठेवायला जागा नव्हती.

दहशतीने आकडे सुधारत नाहीत, हे पुण्याने 1897 मध्येच पाहिले. प्लेग अधिकारी रँडचे शिपाई घरझडती घेऊ लागले तसे लोक प्लेगचे रोगी लपवू लागले. त्याच वर्षीचा साथरोग कायदा 2020 मध्ये पुन्हा वापरला गेला. पण 16 जून 2020 रोजी महाराष्ट्राने आधी सुटलेले कोविडचे 1,328 मृत्यू एका दिवसात यादीत घेतले. टीका झाली, माझ्या लेखी ते चांगल्या कारभाराचे लक्षण होते. बिहारनेही 2021 च्या जूनमध्ये 3,951 मृत्यू वाढवले, पण त्यासाठी उच्च न्यायालयाचा रेटा लागला. केंद्राची गत याहून वाईट. 2020 मध्ये देशात सुमारे 81 लाख मृत्यू नोंदले गेले, 2021 मध्ये 1 कोटी 2 लाख. आणि हा दुसरा आकडा लोकांपुढे आला 2025 च्या मे महिन्यात. चार वर्षे शिळ्या आकड्यावर खाटा, प्राणवायू, लस यांचे नियोजन कोण करणार?

रायपूरकर वाचकांना विनंती आहे. पुढची साथ येण्याआधी आपल्या पार्षदाकडे दोन गोष्टी मागा: वॉर्डनिहाय मृत्यूंची संख्या दर आठवड्याला जाहीर व्हावी, आणि भनपुरी-उरला औद्योगिक भागातल्या प्रत्येक ठेका मजुराचे नाव हजेरीपटावर चढेल यासाठी पार्षदाने कामगार विभागाकडे पाठपुरावा करावा.