मिरजेचे ताम्रपट, वाईचा विश्वकोश आणि शब्दांचे हरवलेले पत्ते

मराठी विश्वकोशाच्या पहिल्या खंडाचा आरंभ ‘अंक’ या नोंदीने होतो आणि विसाव्या खंडाचा शेवट ‘ज्ञेयवाद’ या नोंदीने. पहिला खंड १९७६ मध्ये निघाला, वीस खंडांचा संच २०१५ मध्ये पूर्ण झाला. ‘अंक’पासून ‘ज्ञेयवाद’पर्यंतचा हा प्रवास वाईच्या कार्यालयाला एकोणचाळीस वर्षे पुरला. पुढे हेच साहित्य संगणकाच्या स्वाधीन झाले, तेव्हा यंत्राच्या लेखी ‘ज्ञेयवाद’ हा शेवटचा शब्द उरला नाही, आणि बहुतेक नोंदींना त्यांच्या नावाचा पत्ताही मिळाला नाही. असे का घडले, हे या धाग्यात पाहू. त्यासाठी प्रथम कृष्णेच्या प्रवाहाबरोबर वाईहून खाली, आजच्या सांगली जिल्ह्यातील मिरजेला जावे लागेल.

१८०५ साली मिरजेत भगवद्गीता छापली गेली. तिच्यासाठी खिळे वापरले नव्हते. पाने तांब्याच्या पत्र्यांवर कोरली होती. मूळ बेत नाना फडणवीसांचा. पुण्याच्या दरबारातील इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्या आश्रयाने एक तांबट हे कोरीव काम शिकला होता आणि नानांनी त्याच्याकडून गीता कोरून घेण्याचे योजिले. १८०० मध्ये नाना वारले. तांबट मिरजेला गंगाधरराव पटवर्धनांच्या पदरी गेला आणि काम तेथे तडीस गेले. भारतीय मुद्रणाचा इतिहास लिहिणाऱ्या अ. का. प्रियोळकरांनी या प्रयत्नाची साद्यंत नोंद घेतली आहे. पुस्तके हाताने उतरवून घेण्याची रीत अंगवळणी पडलेल्या काळात एका संस्थानिकाने केलेले हे धाडस मराठी मुद्रणाच्या इतिहासात वाजवीपेक्षा कमी चर्चिले जाते.

ताम्रपटाचा एक गुण आणि एक दोष, दोन्ही एकाच गोष्टीत आहेत. त्यात मजकूर आणि त्याचे रूप वेगळे करता येत नाहीत. एका श्लोकातील एक अक्षर चुकले तर पत्रा ठोकून पुन्हा कोरा, नाहीतर चूक तशीच राहू द्या. सुट्या खिळ्यांनी अक्षर मोकळे केले; जुळारी ते उचलून दुसरीकडे बसवू लागला. तरीही पानाचा फर्मा एकदा आवळला की पान स्थिर. विसाव्या शतकात किर्लोस्करवाडीच्या माळावरून मासिके महाराष्ट्रभर गेली, ती या खिळ्यांच्या जोरावर. मजकूर एका जागी, त्याचे रूप दुसऱ्या जागी आणि दोघांची गाठ वाचक पान उघडील त्या क्षणी घालून द्यायची, ही कल्पना मात्र अगदी अलीकडची. आशय व्यवस्थापन प्रणाली म्हणतात ती हीच. लेख डेटाबेसच्या तक्त्यात असतो, रूप साच्यात असते, आणि पान म्हणून जे दिसते ते मागणी येताच तयार होते.

आता पुन्हा वाईला. नारायणशास्त्री मराठे यांच्या प्राज्ञपाठशाळेमुळे कोशकार्य या गावाला नवे नव्हते. तेथेच शिकलेले तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी धर्मकोशाच्या कामात मुरले होते. महाराष्ट्र राज्य स्थापन झाले त्याच वर्षी, १९६० मध्ये, साहित्य संस्कृती मंडळ स्थापन होऊन त्याचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले आणि विश्वकोशाचे काम वाईत सुरू झाले. १९८० मध्ये विश्वकोशासाठी स्वतंत्र निर्मिती मंडळ झाले. तज्ज्ञांकडून नोंद लिहून घ्यायची, ती दुसऱ्याने तपासायची, भाषा सारखी करायची, परिभाषा जुळवायची, आणि मग तिला अकारविल्हे जागा द्यायची, अशी ही रीत.

यातील शेवटची पायरी वरवर कारकुनी वाटते, पण कोशाचा कणा तीच असते. छापील कोशात शब्दाची जागा हाच त्याचा पत्ता. ‘कृष्णा’ कोठे सापडेल हे वाचकाला आधीच ठाऊक असते. त्याला कोणी वाट दाखवावी लागत नाही. मराठी कोशांच्या प्रथेप्रमाणे ‘ह’नंतर ‘ळ’, मग ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’. म्हणून विश्वकोश ‘ज्ञेयवाद’वर संपतो. वर्णमाला म्हणणाऱ्या शाळकरी मुलालाही हे पटते.

संगणकाला पटत नाही. युनिकोडमध्ये ‘ज्ञ’ हे स्वतंत्र अक्षर नाही; ते ज, हलन्ताचे चिन्ह आणि ञ अशा तीन संकेतांचे बनते. केवळ संकेतांच्या क्रमाने यादी लावली तर ‘ज्ञेयवाद’ उठून ‘ज’च्या कुळात जातो, ‘क्षय’ ‘क’मध्ये शिरतो, आणि ‘ळ’ची जागा ‘ल’च्या शेजारी लागते. युनिकोडच्या भाषावार क्रमनियमांत मराठीसाठी ळ, क्ष, ज्ञ यांची वेगळी सोय आहे. मात्र ती सोय प्रणालीने मागितली तरच मिळते. एरवी माणसाला क्रमांक देऊन क्रम हाताने लावावा लागतो, म्हणजे जुळाऱ्याचेच काम पुन्हा.

विश्वकोशाचे खंड महाजालावर आले तेव्हा मंडळाच्या अध्यक्षा डॉ. विजया वाड होत्या. त्यासाठी वापरलेली प्रणाली होती जूमला. तिचा जन्म २००५ चा. मॅम्बो नावाच्या प्रणालीचे कार्यकर्ते तिच्या मालकीच्या वादातून बाहेर पडले आणि त्यांनी नवे घर थाटले. नाव निवडले स्वाहिली भाषेतील ‘जुम्ला’ या शब्दावरून. अर्थ, सर्व मिळून. स्वाहिलीत तो अरबीतून गेला. मोडी कागद वाचणाऱ्याला तो परका वाटणार नाही, कारण हिशेबाच्या तळाशी एकूण बेरजेसाठी येणारा ‘जुमला’ त्याच अरबी मुळाचा. पेशव्यांच्या दफ्तरातील शब्द आफ्रिकेचा वळसा घेऊन वाईच्या संकेतस्थळावर पोचला, असे म्हणायला हरकत नाही.

अशी प्रणाली बसवणे ही क्रिया मुळात सोपी आहे. सर्व्हरवर फायली ठेवायच्या, रिकामा डेटाबेस तयार करायचा, त्याचे नाव व परवलीचा शब्द प्रणालीला सांगायचा, संकेतस्थळाचे नाव आणि प्रशासकाचे खाते भरायचे. पुढे या क्षेत्रात सर्वाधिक पसरलेल्या वर्डप्रेसची तर ‘पाच मिनिटांत स्थापना’ हीच ख्याती. ही पाच मिनिटे खरीच असतात. त्या पाच मिनिटांत, बहुधा कोणाच्या ध्यानी न येता, जे ठरून जाते ते मात्र पुढे वर्षानुवर्षे पुरते.

पहिली गोष्ट लिपीची. या दोन्ही प्रणाली ज्या मायएसक्यूएल डेटाबेसवर चालतात, त्याची मूळ ठेवण कित्येक वर्षे लॅटिन लिपीची आणि शब्दक्रम स्वीडिश भाषेचा होता, कारण निर्माती कंपनी स्वीडनची. स्थापना करणाऱ्याने तेथे युनिकोडचा पर्याय निवडला नाही तर देवनागरी मजकूर साठवताना त्याची प्रश्नचिन्हे होतात. एकदा झालेल्या प्रश्नचिन्हांतून मूळ अक्षर परत मिळत नाही. ताम्रपटावरील चूक निदान वाचता तरी येत असे.

विश्वकोशाच्या मजकुरावर ही आपत्ती आली नाही, तो युनिकोडमध्ये स्वच्छ उतरला. अडचण आली ती पत्त्याची. जूमलात लेखाचे शीर्षक लिहिले की प्रणाली त्यावरून पानाच्या पत्त्यासाठी एक लघुनाम बनवते. मूळ रचनेत या लघुनामाला रोमन अक्षरे, आकडे आणि आडवी रेघ एवढीच मुभा होती. बाकी सारे गाळले जाई. फ्रेंच शीर्षकातील एखादे चिन्ह गळाले तर शब्द ओळखू तरी येतो. मराठी शीर्षकातील सगळीच अक्षरे गळतात आणि हाती शून्य उरते. लघुनाम रिकामे ठेवता येत नाही, म्हणून प्रणाली त्या जागी नोंद साठवल्याची तारीख आणि वेळ भरते: वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद. २०११ च्या आरंभी आलेल्या आवृत्तीपासून युनिकोड लघुनामांचा पर्याय जूमलात मिळू लागला, परंतु तो मुळात बंद असे. शोधून चालू करावा लागे.

परिणाम असा की विश्वकोशाच्या त्या संकेतस्थळावरील पत्त्यांत खंडाचा क्रमांक दिसे आणि पुढे आकड्यांची लांब माळ, त्यात कितीतरी ठिकाणी २०१२ मधल्या तारखा. ‘कृष्णा’ नाही, ‘कोश’ नाही. पत्ता वाचून नोंद कोणती हे कळायची सोय नव्हती. मात्र नोंद यंत्रात कोणत्या सेकंदाला शिरली ते कळत असे. ज्ञानकोशाच्या दृष्टीने हे हास्यास्पद म्हणावे लागेल. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र आयते साधन मिळाले. वीस खंडांचे डोंगराएवढे साहित्य कोणत्या महिन्यांत, दिवसाच्या कोणत्या प्रहरी, किती वेगाने चढवले गेले याची दैनंदिनी त्या पत्त्यांत आपोआप लिहिली गेली. वाचताना एक पथ्य पाळावे: जूमला ही वेळ ग्रिनिचची धरते. पत्त्यात सात वाजलेले दिसले तर इकडच्या घड्याळात साडेबारा झालेले असतात. शुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळवून इसवी सन काढणाऱ्यांना साडेपाच तास मिळवणे जड जाऊ नये.

छापील विश्वकोशाने आणखी एक गोष्ट फार पूर्वी साधली होती. मजकुरात एखाद्या शब्दाआधी बाण असला की त्या शब्दावर स्वतंत्र नोंद आहे, असा संकेत. नोंदीच्या शेवटी ‘पहा’ असे लिहून आणखी वाटा दाखवलेल्या. आज ज्याला दुवा म्हणतात तो कागदावर असाच होता, आणि कोशातील जागा स्थिर असल्याने तो कधी तुटत नसे. पडद्यावर बाण उमटला म्हणजे दुवा तयार झाला असे होत नाही. प्रत्येक बाणामागे पत्ता हाताने जोडावा लागतो, आणि तो पत्ता बदलणार नाही याची हमी कोणीतरी द्यावी लागते.

नेमका पत्ता बदलला. पुढे विश्वकोशाने वर्डप्रेसचा आश्रय घेतला आणि सरकारी संकेतस्थळाचे नावही बदलले. (योगायोग असा की वर्डप्रेसची पहिली आवृत्ती २७ मे २००३ रोजी आली, लक्ष्मणशास्त्रींचे निधन २७ मे १९९४ चे.) वर्डप्रेस मराठी शीर्षकाची अक्षरे गाळत नाही, ती टक्केवारीच्या चिन्हांत बदलते. देवनागरीतील प्रत्येक संकेत तीन बाइटांचा आणि प्रत्येक बाइटाला तीन चिन्हे, म्हणजे एका संकेताला नऊ चिन्हे. ‘मराठी विश्वकोश’ एवढ्याच नावाची मधल्या रेघेसह ११८ चिन्हे होतात. लघुनामाची मर्यादा २०० ची. ‘तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी’ हे नाव २५४ चिन्हांचे होते. विश्वकोशाच्या पहिल्या प्रमुख संपादकांचे पूर्ण नाव त्यात मावतच नाही.

यावर विश्वकोशाने घेतलेला मार्ग साधा आहे: पत्त्यात फक्त नोंदीचा अनुक्रमांक. तो शब्दाविषयी काही सांगत नाही, कारण वर्डप्रेस एकाच रांगेतून लेखांना, पानांना, चित्रांना आणि जुन्या मसुद्यांनाही क्रमांक वाटते. ग्रंथालयातील दाखल क्रमांकासारखाच तो. पुस्तक कधी आत आले एवढेच त्यावरून कळते, विषय नाही. तरीही ही निवड योग्य म्हटली पाहिजे. क्रमांक आटोपशीर असतो, कापला जात नाही, आणि शीर्षकातील शुद्धलेखन उद्या सुधारले तरी हलत नाही.

नव्या व्यवस्थेचा दुसरा लाभ अधिक मोठा. विसावा खंड निघेपर्यंत पहिला खंड जुना झालेला असतो, हे प्रत्येक बहुखंडी कोशाचे दुखणे. २०१५ नंतर, दिलीप करंबेळकर अध्यक्ष असताना, विश्वकोशाने विषयवार ज्ञानमंडळे स्थापून नोंदी अद्ययावत करण्याचे काम हाती घेतले. लेखक, समीक्षक, संपादक ही वाईची जुनी उतरंड वर्डप्रेसमध्ये चांगली बसते; तेथेही योगदात्याला लिहिता येते, पण प्रसिद्ध करण्याचा अधिकार संपादकाकडे असतो. एक गोम लक्षात ठेवण्याजोगी. प्रणालीच्या ‘लेखक’ या रकान्यात ज्याच्या खात्यातून नोंद चढली त्याचे नाव आपोआप पडते. विश्वकोशात नोंदीखाली आडनाव आधी घालून लिहिलेले नाव हा खरा लेखक. तो यंत्राच्या लेखी मजकुराचा भाग असतो, आणि तो पुसला गेला तर प्रणाली तक्रार करत नाही.

राहिले ते जुने पत्ते. एका घरातून दुसऱ्या घरी जाताना जुन्या प्रत्येक पत्त्यापुढे नवा पत्ता लिहिलेली यादी सर्व्हरला दिली, तर जुन्या वाटेने आलेला वाचक नव्या दारी पोचतो. यादी करायची तर जुन्या पत्त्यातील तारीख कोणत्या शब्दाची हे आधी कळले पाहिजे, आणि ती माहिती फक्त जुन्या डेटाबेसात असते. मराठी विकिपीडियाच्या संदर्भांत वेळेच्या आकड्यांचे हे पत्ते आजही आढळतात. विकिपीडियावर ते एकेक करून बदलता येतात. छापून बांधलेल्या पुस्तकाच्या संदर्भसूचीत शिरलेला पत्ता मात्र मिरजेच्या तांब्यासारखाच कोरलेला राहतो: खंडाचा क्रमांक, एक तारीख आणि ग्रिनिचच्या घड्याळातील सहा आकडे.