आवाजाची फाइल आणि तिचे मालक

१९९३ साली अमेरिकेतील कार्ल मालामुड यांनी 'इंटरनेट टॉक रेडिओ' नावाचा उपक्रम सुरू केला. त्यातील 'गीक ऑफ द वीक' या कार्यक्रमात संगणकांची जाळी उभारणाऱ्या तंत्रज्ञांच्या मुलाखती असत. नावात रेडिओ असला तरी इथे मनोरा नव्हता की प्रक्षेपणाचा परवाना नव्हता. मुलाखत मुद्रित करायची, तिची फाइल संगणकांच्या जाळ्यावर ठेवायची आणि ज्याला हवी त्याने ती उतरवून घेऊन सवडीने ऐकायची.

ती फाइल केवढी असे, याचे गणित आठवी-नववीच्या वर्गात सहज करता येईल. टेलिफोनवर ऐकू येतो तेवढ्या दर्जाचा आवाज साठवायचा तर सेकंदाला ८,००० वेळा त्याचे मोजमाप घ्यावे लागते. प्रत्येक मोजमापाला एक बाइट धरा. अर्ध्या तासाचे १,८०० सेकंद, म्हणजे झाले १ कोटी ४४ लाख बाइट. त्या काळी घरच्या टेलिफोनला जोडायचा चांगला मोडेम सेकंदाला १४,४०० बिट आणत असे. एका बाइटमध्ये आठ बिट. भागाकार केला की उत्तर येते ८,००० सेकंद, म्हणजे जवळजवळ सव्वादोन तास! अर्धा तास ऐकण्यासाठी एवढा वेळ टेलिफोन अडवून कोण बसणार? साहजिकच हे श्रोते मुख्यतः विद्यापीठांत आणि संगणक कंपन्यांत होते.

त्याच सुमारास कॅनडाच्या सरकारी रेडिओनेही, म्हणजे सीबीसीने, आपले काही कार्यक्रम अशाच फाइलींच्या रूपात ठेवून पाहिले. त्यांत 'क्वर्क्स अँड क्वार्क्स' हा विज्ञानविषयक साप्ताहिक कार्यक्रम होता. त्याचे नाव लक्षात असू द्या.

यानंतर दहा-बारा वर्षांनी मुक्त सॉफ्टवेअरची मंडळी आपले ध्वनिकार्यक्रम काढू लागली. मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे ज्याची मूळ आज्ञावली कोणालाही वाचता येते, बदलता येते आणि पुन्हा वाटता येते असे सॉफ्टवेअर. लिनक्स हे त्याचे ठळक उदाहरण. या मंडळींना इतरांना न पडणारा एक प्रश्न पडला. मुक्ततेविषयी बोलायचे, पण बोलणे ज्या फाइलीत भरायचे ती फाइलच कोणाच्या तरी मालकीची असली तर?

हा प्रश्न एमपी-३ मुळे आला. फाइल लहान करण्याची ही युक्ती आपल्या कानाच्या मर्यादेवर आधारलेली आहे. शाळेची घंटा वाजत असताना शेजारच्या मुलाची कुजबुज ऐकू येत नाही. मोठा आवाज जवळच्या बारीक आवाजाला झाकून टाकतो. जे ऐकूच येणार नाही ते साठवायचे कशाला? असे झाकलेले अंश काटकसरीने लिहिले की सीडीवरचा सेकंदाला १४ लाखांहून अधिक बिट घेणारा आवाज १ लाख २८ हजारांत बसतो. या पद्धतीच्या विकासात जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेचा मोठा वाटा होता आणि तिच्यावर पेटंटे होती. सप्टेंबर १९९८ मध्ये संस्थेने एमपी-३ चे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या अनेकांना पत्रे पाठवून परवाना घ्यावा लागेल असे कळवले. संशोधनावर खर्च केलेल्या संस्थेने मोबदला मागणे चुकीचे म्हणता येणार नाही. पण जे सॉफ्टवेअर फुकट वाटायचे, ज्याच्या प्रती किती होतील हे वाटणाऱ्यालाही ठाऊक नाही, त्याचे शुल्क कोण आणि कसे भरणार?

यावर दोन तऱ्हेची उत्तरे निघाली. 'लेम' या एमपी-३ तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या कर्त्यांनी फक्त मूळ आज्ञावली प्रसिद्ध करायची, चालवण्याजोगे तयार सॉफ्टवेअर वाटायचे नाही, असे ठरवले. लाडवांची कृती छापायची, पण लाडू वाटायचे नाहीत, असा हा प्रकार. दुसरे उत्तर ख्रिस मॉन्टगोमेरी आणि सहकाऱ्यांचे. त्यांनी पेटंटांपासून दूर राहील अशी वेगळीच पद्धत रचली. 'ऑग व्हॉर्बिस' या पद्धतीची १.० आवृत्ती जुलै २००२ मध्ये आली.

फाइल तयार झाली तरी ती श्रोत्यापर्यंत पोचायला हवी. रोज जाऊन नवीन काही आले का ते पाहायचे, हा उद्योग कंटाळवाणा. डिसेंबर २००० मध्ये डेव्ह वाइनर यांनी 'आरएसएस' या बातम्यांच्या यादीत ध्वनिफाइलीचा पत्ता जोडण्याची सोय केली. ठरलेल्या पत्त्यावर एक यादी असते, नवा भाग आला की तीत भर पडते, आणि श्रोत्याचा संगणक ती यादी तपासून नवी फाइल आपणहून आणतो. ही रीत सर्वांना खुली होती. फेब्रुवारी २००४ मध्ये 'गार्डियन' वृत्तपत्रात लिहिताना बेन हॅमर्सली यांनी या प्रकाराला काही नावे सुचवली, त्यांतले 'पॉडकास्टिंग' टिकले. ते अॅपल कंपनीच्या आयपॉडवरून आले, आणि गंमत म्हणजे आयपॉडवर ऑग फाइल वाजतच नसे!

त्याच महिन्यात इंग्लंडमधील वुल्व्हरहॅम्प्टन येथे लिनक्स वापरणाऱ्यांच्या मंडळातील चौघांनी 'लगरेडिओ' सुरू केला. टेबलाभोवती बसून वाद घालायचा आणि तो पंधरवड्याला प्रसिद्ध करायचा, एवढाच थाट. भाषा शिवराळ, त्यामुळे वर्गात ऐकवण्याजोगा तो नव्हे. पण २००८ मध्ये थांबेपर्यंत त्याने मोठा श्रोतृवर्ग मिळवला, आणि २००५ पासून श्रोत्यांचे मेळावेही भरवले. फाइली ऑगमध्ये असत, तशाच एमपी-३ मध्येही. केवळ तत्त्व पाळले असते तर आयपॉडवाले श्रोते गमावले असते. मला ही तडजोड शहाणपणाची वाटते.

लगरेडिओत चौघे बोलत आणि बाकीचे ऐकत. हा भेदही पुसण्याचा प्रयत्न 'हॅकर पब्लिक रेडिओ'ने केला. २००५ मधल्या 'टुडे विथ अ टेकी' या कार्यक्रमातून तो निघाला आणि ३१ डिसेंबर २००७ पासून या नावाने चालू झाला. (हॅकर म्हणजे चोर नव्हे. वस्तू उघडून ती कशी चालते ते पाहणारा खटपट्या, हा या शब्दाचा जुना अर्थ इथे घ्यायचा.) सोमवार ते शुक्रवार रोज एक भाग, आणि तो पाठवायचा श्रोत्यांनीच. आलेले ध्वनिमुद्रण कोणी तपासत नाही, कापत नाही. श्रेय देऊन आणि तीच मोकळीक पुढे ठेवून कोणीही भाग वाटू शकतो, त्यात बदल करू शकतो. अर्थात दर्जा कमी-जास्त होतो. काही भाग खरोखर नीरस असतात. तरीही भागांची संख्या ४,००० च्या पुढे गेली आहे.

असे सुरळीत चाललेले असताना, फेब्रुवारी २०१२ मध्ये 'पर्सनल ऑडिओ' या कंपनीला अमेरिकेत एक पेटंट मिळाले. मूळ अर्ज १९९६ चा. दावा असा, की ठरलेल्या पत्त्यावर भागांची यादी ठेवून ती वेळोवेळी अद्ययावत करण्याची रीत आमची. म्हणजे जवळजवळ सगळे पॉडकास्टच! १९९० च्या दशकात याच मंडळींनी मासिकांतले लेख वाचून कॅसेटवर विकले होते. २०१३ च्या जानेवारीत त्यांनी अॅडम कॅरोला या विनोदी कलाकाराच्या पॉडकास्टवर दावा लावला. असे खटले लढवण्याचा खर्च लाखो डॉलरांत जातो. फावल्या वेळात कार्यक्रम काढणाऱ्यांना तो कसा झेपावा?

'इलेक्ट्रॉनिक फ्रंटिअर फाउंडेशन' या संस्थेने लोकवर्गणी मागितली. हजाराहून अधिक लोकांनी ती दिली. ऑक्टोबर २०१३ मध्ये संस्थेने पेटंट कार्यालयापुढे आव्हान दाखल केले. पेटंट टिकायचे तर कल्पना नवी हवी. १९९६ पूर्वी कोणी हेच केले असेल, तर दावा कोसळतो. संस्थेने जुने दाखले शोधले. मालामुड यांचा 'गीक ऑफ द वीक' त्यात होता. सीएनएनच्या बातम्यांचा प्रयोग होता, आणि सीबीसीचा तो विज्ञान-कार्यक्रमही. कॅनडातील संशोधकांनी आपल्या प्रयोगाचा वृत्तांत लिहून ठेवला होता, म्हणून तो पुरावा म्हणून मांडता आला. एप्रिल २०१५ मध्ये कार्यालयाने सीएनएन आणि सीबीसी यांच्या दाखल्यांवरून पेटंटातले आव्हान दिलेले दावे रद्द केले. ऑगस्ट २०१७ मध्ये अपील न्यायालयाने तो निर्णय कायम केला. मे २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला.

दरम्यान एमपी-३ च्या पेटंटांची मुदतही सरत आली आणि एप्रिल २०१७ मध्ये फ्राउनहोफरने आपली परवाना योजना बंद केली. त्याआधी, सप्टेंबर २०१२ मध्ये, 'ओपस' ही सर्वांना विनाशुल्क वापरता येणारी पद्धत इंटरनेटचे प्रमाण म्हणून जाहीर झाली होती. बोलण्याचा आवाज तीत सेकंदाला २४,००० बिटांतही स्पष्ट राहतो. त्या हिशेबाने अर्ध्या तासाची मुलाखत केवढ्या फाइलीत बसेल आणि १९९३ च्या मोडेमवरून ती उतरवायला किती मिनिटे लागली असती, हे गणित विद्यार्थ्यांना घालून पाहा. उत्तर ५० मिनिटे यायला हवे.